पेढेवाल्यांचा मुलगा मी आधी बघितला

आमच्या सांगलीच्या घरात पांढरं काही टिकत नसे. अण्णांची हळदीची अडत, पुढं दुकान आणि मागं घर. हंगाम सुरू झाला की पोती उतरायची, हमाल एकमेकांना शिव्या घालायचे, तराजूच्या साखळ्या खळखळायच्या आणि पिवळी धूळ उंबरा ओलांडून थेट पिठाच्या डब्यापर्यंत यायची. अण्णांचा सदरा पिवळा, उशांचे अभ्रे पिवळे, आईच्या नखांच्या कडा पिवळ्या. पांढरं म्हणून कौतुकानं आणलेलं मांजरसुद्धा होळीपर्यंत पिवळं झालेलं असायचं. संध्याकाळी धूळ खाली बसली की आई लसूण घातलेलं भडंग मोठ्या परातीत ओतायची आणि आम्ही भावंडं पुढच्या रिकाम्या पोत्यांवर बसून ते खायचो. गोडाचं म्हणाल तर सणासुदीला केशरी पेढे यायचे, पिवळेधमक. पिवळं नाही ते गोड नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आता हसू येतं, पण त्या घरात वाढलेल्या कुणाची दुसरी काय समजूत होणार?

मी तेव्हा कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि मला सगळं कळत होतं. वक्तृत्वाच्या स्पर्धेत एक ढाल मिळाली होती, तिच्या जोरावर मी आईला स्वयंपाक, अण्णांना बाजारभाव आणि शेजारच्या काकूंना मुलं कशी वाढवावीत हे शिकवत असे. काकूंना मुलं पाच होती, मला एकही नव्हतं, पण तेवढ्यानं माझं काही अडत नव्हतं. अण्णा ऐकून घ्यायचे. बाजारात त्यांनी नुसतं ‘दिलं’ म्हटलं की गाडी भरायला लागायची, कुणी कागद मागायचं नाही. घरात मात्र मी बोलायला लागले की ते टोपी काढून डोकं खाजवायचे, एवढाच त्यांचा विरोध.

अशात साताऱ्याहून आत्या आली. अण्णांची ही थोरली बहीण. आवाज असा की ती माजघरात बोलली तरी रस्त्यावरचा हमाल ‘व्हय जी’ म्हणायचा. आल्या आल्या पाय धुतले, चहा बशीत ओतला आणि म्हणाली, “शाले, तुला स्थळ आणलंय. साताऱ्याचं पेढेवाल्यांचं घर. त्यांचा धाकटा, माधव. बी.एस्सी. झालाय, पण नोकरी नको म्हणतोय, दुकानातच असतोय. चष्मा हाय, तेवढं सोडलं तर नाव ठेवायला जागा न्हाई.”

“मी मिठाईवाल्याच्या घरी जन्म काढू?” मी म्हटलं.

“मग काय राज्यपालाच्या घरी काढतीस?”

“बघून तरी घे,” अण्णा म्हणाले.

“बघणार ते. मला काय दिसणार? मान खाली घालून पोह्यांची ताटली पुढं करायची. मला नुसते मुलाचे पाय दिसतील. पायांवरून माणूस कसा ओळखायचा?”

यावर अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. आत्या म्हणाली, “पाय बघूनच माझं झालं. काय बिघडलं?” तिच्या यजमानांना मी लहानपणापासून बघत होते, त्यामुळे गप्प बसले. मनात मात्र ठरवून टाकलं. साताऱ्याला जायचं, पण कार्यक्रमाआधी आपणच गुपचूप दुकानात जाऊन मुलगा बघायचा, त्याच्यात ठळक असा एखादा दोष शोधायचा आणि तो अण्णांच्या पुढं ठेवून नकार मिळवायचा. वक्तृत्वाच्या ढालीला शोभेल अशी ही योजना होती.

बरेच दिवस राहून आत्या पुढं गेली; हंगामात आईला घर सोडता येईना, म्हणून अण्णा आणि मी दोघंच एस.टी.नं निघालो. आत्याच्या घरी पोचलो तेव्हा तिनं मटकीची उसळ, भाकरी आणि लसणाची चटणी असा बेत केला होता. जेवून अण्णा ओळखीच्या एका व्यापाऱ्याला भेटायला गेले, आत्या डोळ्यांवर पदर घेऊन आडवी झाली आणि मी वेषांतर केलं. वेषांतर म्हणजे मैत्रिणीचा काळा गॉगल आणि आत्याची छत्री. आरशात बघितलं तर मला वाटलं, आता मला सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही. उन्हाच्या वेळी साताऱ्याच्या पेठेतून एक मुलगी गॉगल लावून, पाऊस नसताना छत्री उघडून चालली आहे, तेव्हा तिच्याकडं एकूण एक दुकानदार मान वळवून बघणार, हे त्या हुशार मुलीच्या डोक्यात आलं नाही.

दुकान बोळाच्या तोंडाशी होतं. पायऱ्या मध्ये झिजून खोलगट झालेल्या. पुढं गल्ल्यावर काळी टोपी घातलेले एक गृहस्थ, बाजूला लखलखीत पितळी तराजू, मागं एका कोनाड्यात छोटा गणपती. त्याच्याही मागं भट्टी. सगळं दुकान आरपार दिसायचं. आणि आवाज! कढईच्या तळाशी उलथन्याची घासणी चाललेली, खर्र खर्र, एका लयीत, कुठंही न चुकता. खव्याचा वास तर असा की पायरीवरच माझा अर्धा निर्धार पातळ झाला.

परवा नातीनं आम्हाला जपानात नेलं होतं; ती तिकडं नोकरीला आहे. हौसेनं तिनं एका फार जुन्या मिठाईच्या दुकानात नेलं. दारावर निळा पडदा, आत चप्पल काढायची, एकेक मिठाई लाकडी पेटीत अशी मांडलेली जणू दागिनाच. नातीच्या मध्यस्थीनं दुकानदारीणबाईंनी विचारलं की कशासाठी हवी, कुणाला द्यायची, आज खायची की उद्या. मी म्हटलं, अगं, ही तर माझ्या सासऱ्यांचीच बहीण! मग बाईंनी पानाच्या आकाराची एक नाजूक मिठाई आणि कडू हिरवा चहा पुढं ठेवला. मी चावा घेतला आणि जोरात म्हणाले, “हे तर पुरण!” नात लाजून अर्धी झाली. पण खरंच, लाल डाळीचं चांगलं घोटलेलं पुरण होतं ते, वेलदोडा तेवढा विसरलेलं. आतल्या बाजूला एक म्हातारबुवा बसून काम करत होते. आम्ही एवढा गोंधळ घातला तरी त्यांनी मान वर केली नाही. आमच्या ह्यांनी त्यांच्याकडं बघून उगाचच हात जोडले. ते का जोडले हे समजायला तुम्हाला साताऱ्याच्या त्या पायरीवर परत यायला हवं.

“काय देऊ पोरी?” टोपीवाल्यांनी विचारलं.

“पेढे.”

“कशासाठी?”

“खायला.”

“खायलाच असत्यात. निमित्त काय, ते विचारतोय. नैवेद्याचं असतील तर आधी चव देत न्हाई मी, देवाच्या आधी उष्टं नको. बारशाचं असतील तर पुडा येगळा. पोरगं पास झालं असंल तर मार्क विचारतो.”

मला वाटलं, नुसते पेढे मागणारी बाई इथं संशयास्पद ठरते आहे. मोठं, वजनदार निमित्त हवं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “साखरपुडा आहे.”

“कुनाचा?”

“माझाच.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला जरा ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी एक पेढा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. मी बघितलं. तपकिरी! पिवळ्याचा मागमूस नाही.

“अहो काका, हा करपलाय की!”

रस्त्यावरून सायकल हातात धरून चाललेला एक जण थांबला. काकांच्या भुवया टोपीला टेकल्या. आणि मागून, कढईजवळून, शांत आवाज आला, “करपलेला नाही, भाजलेला आहे. आधी खा, मग बोला.”

मी गॉगल कपाळावर सरकवून बघितलं. भट्टीपुढं एक उंच मुलगा उभा होता, बाह्या दुमडलेल्या, चष्म्याच्या काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या. त्या तो खांद्याला पुसायचा आणि पुन्हा कढईत बघायचा. बोलताना त्यानं मान वर केली नव्हती. उलथन्याची लयही मोडली नव्हती. वक्तृत्वाची ढाल मिळालेल्या मुलीशी बोलताना वर न बघणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

“मनावर घिऊ नको,” काका म्हणाले. “कढईत खव्याचा घाना असला की आमचा धाकटा वर बघत न्हाई. बघितलं की खवा खाली लागतो. साऱ्या पेठेत ह्याच्या हातचा घाना कवा लागलेला न्हाई.”

मी पेढा तोंडात टाकला. आधी वाटलं, गोड कमी आहे. मग भाजल्याचा स्वाद आला, मग दूध आलं, आणि मग जिभेला असं काही तरी खरपूस, रवाळ लागलं की मला बोलायला काही सुचेना. ही गोष्ट माझ्या बाबतीत दुर्मीळ. दोष शोधायला आलेली मी, तोंड मिटून, डोळे मिटून त्या पायरीवर उभी होते. डोळे उघडले तेव्हा तो पुन्हा चष्मा खांद्याला पुसत होता आणि मला एकदम वाटलं, आपण तो पुसून द्यावा. इतकंच. पण तेवढ्यानं योजनेचे बारा वाजले.

काका तोवर उठले होते. हात धुऊन त्यांनी माझ्यासाठी काढलेल्या पेढ्यांतला पहिला पेढा कोनाड्यातल्या गणपतीपुढं ठेवला. “आमची रीत हाय,” ते म्हणाले. “साखरपुड्याचं पेढं दोघांचं नाव देवापुढं घिऊनच बांधायचं. तुझं नाव?”

“शालन.”

“आन त्याचं?”

मला एखादं सुरेश, रमेश सुचायला काय हरकत होती? पण आत्यानं गेले कित्येक दिवस एकच नाव माझ्या कानावर घातलेलं. तेच बाहेर पडलं. “माधव.”

“वा! आमच्या ह्याचंबी तेच. कुठला म्हनायचा तुझा माधव?”

“कोयनानगरचा. इंजिनिअर आहेत.” खोट्याला मी ‘आहेत’ लावलं, आदर म्हणून.

काकांनी डोळे मिटले, मनापासून हात जोडले आणि म्हणाले, “देवा, शालन आन माधव, दोगांचा संसार गोड कर.” मग पुड्याला लाल दोरा बांधून माझ्या हातात दिला. मी पैसे देऊन, गॉगल खाली ओढून, छत्री उघडून पायऱ्या उतरले. मागं खर्र खर्र चालूच होती. बोळाच्या वळणावर क्षणभर ती थांबल्यासारखी वाटली, पण मला वाटलं, लांब आल्यामुळं ऐकू येत नसेल.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या घरी बैठक घातली. मी आत्याची मोरपंखी साडी नेसले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून वेणी घट्ट घातली. आता मला नकार नको होता. रात्रभर मी मनात त्या मुलाशी भांडत होते, आणि ज्याच्याशी इतकं भांडता येतं त्याच्याशी लग्न करायला हरकत नाही असं पहाटे ठरवून मोकळी झाले होते. काकांचं काय करायचं, हा प्रश्न होता. पण गॉगल लावला होता ना आपण, अशी मी स्वतःची समजूत घातली. मध्येच तो कपाळावर सरकवला होता हे मी सोयीस्करपणे विसरले.

मुलाकडून तिघं आले. काळी टोपी, चष्मा आणि चष्म्याची आई. बाई ठेंगण्या, गप्प, आणि नजर अशी की भिंतीतली ओलसुद्धा सुकावी. मी पोह्यांची ताटली घेऊन बाहेर गेले. काकांनी हात पुढं केला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तो हात तसाच राहिला.

“पोरी, वर बघ.”

मी बघितलं. ते सावकाश उठून उभे राहिले. “आवं पाव्हणं,” ते अण्णांना म्हणाले, “तुमी सज्जन मानूस दिसता. म्हनून सरळ बोलतो. ह्या पोरीचा साखरपुडा झाल्याला हाय. काल माझ्या हातानं पेढं बांधून दिल्यात. कोयनेच्या इंजिनिअरसंगं.”

आत्या म्हणाली, “अगं बया!” आणि तिथंच बसली. अण्णांनी टोपी काढली नाही, डोकं खाजवलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावले असते तर मी वाद घातला असता; माझी तयारी नेहमीच असायची. पण ते रागावले नव्हते. ज्याच्या ‘दिलं’ या एका शब्दावर बाजारात गाडी भरायची, तो माणूस परक्या घरात, परक्या लोकांपुढं, मुलीचं ठरलेलं लपवून तिला दुसरीकडं खपवणारा ठरत होता.

“शालन,” ते हळू म्हणाले, “कोण गं इंजिनिअर?”

मी ताटली खाली ठेवली. “कुणी इंजिनिअर नाही अण्णा. तो मी बनवला. मी काल दुकानात मुलगा बघायला गेले होते.”

“कुठला मुलगा?” चष्म्याच्या आईनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

“तुमचा.”

आत्यानं पदराचा बोळा तोंडात घातला. त्या काळात असलं बोलणाऱ्या मुलीचं लग्न सातारा जिल्ह्यात तरी होणं अवघड होतं; सांगलीतलं मी आधीच अवघड करून ठेवलेलं. काका मात्र अजून उभेच होते.

“खोटं बोललीस त्ये ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “त्ये पोरपन म्हनून सोडतो. पन देवापुढं तुझं नाव एका माधवसंगं गेलंय. माझ्या तोंडानं गेलंय. त्ये काय पाटीवर लिवलंय व्हय पुसायला? आता दुसऱ्या माधवसाठी तुला कशी करून घिऊ?”

त्यांना खरोखर यातना होत होत्या. मी बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की अण्णांची मान सरळ करायला आता एकच वाक्य उरलं आहे आणि ते मलाच बोलायचं आहे. ढाल मिळवताना पाठ केलेल्या भाषणातलं एकही वाक्य तिथं उपयोगाचं नव्हतं.

“दुसरा माधव नाहीच,” मी म्हटलं. “मला एवढं एकच नाव माहीत होतं. देवापुढं गेलं ते यांचंच.” आणि जराही संशय नको म्हणून मी बोट दाखवलं. चांगलं लांब करून दाखवलं.

बोटाच्या टोकाला बसलेल्या मुलाचे कान पेटल्यासारखे लाल झाले. काका खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्याकडं बघून म्हणाले, “देवापुढं गेल्यालं मी मागारी घेत न्हाई. पन लगीन माझं न्हाई. माधवा, तुझं काय?”

माधवानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. “बाबा,” तो म्हणाला, “काल दुपारी एक घाणा लागला.”

“कुनाच्या हातनं?”

“माझ्या.”

“तुझ्या हातनं घाणा लागत नाही,” त्याची आई म्हणाली.

“काल वर बघितलं. ह्या पायऱ्या उतरून चालल्या होत्या, तेव्हा.”

बाईंनी मला नखापासून केसापर्यंत एकदा बघून घेतलं. “गॉगल घालून पेठेतनं छत्री उघडून गेली ती हीच का?” त्या म्हणाल्या. “मग लागणारच.” आणि त्यांनी मी खाली ठेवलेली ताटली स्वतः उचलून घेतली आणि पोहे खायला सुरुवात केली. त्यांच्या घरात होकार असाच देतात, हे मला पुढं कळलं.

अण्णा माझ्याजवळ आले. टोपी काढली, डोकं खाजवलं. माझा जीव भांड्यात पडला. “तुझं काय, शालन?” त्यांनी विचारलं. जगातल्या सगळ्या विषयांवर मत असलेल्या त्यांच्या लेकीनं नुसती मान हलवली, आणि ती इतकी जोरात की घट्ट घातलेली वेणी उलटी फिरून मागं येऊन उभ्या राहिलेल्या आत्याच्या तोंडावर बसली.

तो लागलेला घाणा मामंजींनी विकू दिला नाही, की टाकूही दिला नाही. ज्यानं वर बघितलं त्यानंच तो संपवायचा, असं फर्मान निघालं, आणि आमच्या ह्यांनी तो रोज थोडा थोडा करून एकट्यानं खाल्ला. कसा लागत होता हो, असं मी आजवर किती वेळा विचारलं असेल. चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात, आणि सांगत नाहीत.